सीतूचे मातीचे लाडू

शेषाद्रीमामांबद्दल कुणी माझ्यापुढं चांगलं बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. आणि आमच्या रस्त्यावर तर सगळेच चांगलं बोलतात. काय ते शुद्ध उच्चार, काय तो पांढराशुभ्र पंचा, ऐंशी उलटली तरी संध्या कधी चुकली नाही! नसेल चुकली. पण मी त्यांच्या शेजारी राहते. आमच्या दोन घरांच्या मागच्या अंगणांत फक्त कंबरेएवढी भिंत आहे. त्या भिंतीवरून मी जे पाहिलं ते सांगते, मग तुम्हीच काय ते ठरवा.

मी गोमती. आमचं घर आणि मामांचं घर, दोन्ही कुंभकोणमातली जुनी मराठी घरं. कुठल्याशा राजाच्या मागं आमचे पूर्वज इकडं आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. पुण्याकडचे पाहुणे आमचं बोलणं ऐकून हसतात, म्हणतात पणजीसारखं बोलता. बोलतो बापडे. मामा आमच्या रक्ताचे कुणी नव्हेत, पण इथं शेजारच्या वडीलधाऱ्याला मामाच म्हणतात.

मामा शाळेत संस्कृत शिकवायचे. बायको लवकर गेली. एकच मुलगी, सीतालक्ष्मी. आम्ही तिला सीतू म्हणतो. आता तिनं चाळिशी ओलांडलीय, लग्न झालेलं नाही. झालं नाही म्हणजे होऊ दिलं नाही. आडुतुरैच्या भाताच्या संशोधन केंद्रातला एक चांगला मुलगा सांगून आला होता, तर मामा म्हणाले, ‘‘चिखलात पाय घालून पगार घेणारा जावई मला नको.’’ दुसरा पानावरचं सार ओरपताना आवाज करतो म्हणून गेला. तिसऱ्याची पत्रिका जुळली, गोत्र जुळलं, नाव ठेवायला काही सापडेना. तेव्हा मामांनी शोधून काढलं की मुलाची आई फार हसते. मग स्थळं यायची थांबली. सुंठीवाचून खोकला गेला, मामांचा.

आणि सीतू? सीतू गरीब गाय. सकाळी न्हाऊन मडीचं लुगडं नेसायचं (मडी म्हणजे तुमचं सोवळं), मडीतच स्वयंपाक करायचा, तोवर बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. मामांचं संध्येचं सगळं तांब्याचं: पंचपात्र, पळी, ताम्हण. ते रोज चिंचेनं घासून लखलखीत करायचं. एखादा डाग राहिला तर मामा ओरडत नसत. ते भांडं उलटं करून ठेवत आणि जेवायला बसतच नसत. ती पुन्हा घासून आणेपर्यंत पानावरचा भात गार होत पडायचा. ओरडणारी माणसं परवडली हो.

तर ही सीतू एकदा सेतूच्या दुकानात गेली. सेतू चोळपुरमचा, रोज बसनं गावात येतो. बाजारात त्याचं माशांचं दुकान आहे. खायच्या नव्हे, काचेच्या पेटीत पोहणाऱ्या. सीतू कुणाच्या तरी नातवासाठी मासा घ्यायला गेली आणि तिथं तिला एक फुटका गोळा दिसला. मातीचा लाडू वळायचा, त्यात पाणवनस्पती खोचायच्या, वरून ओलं शेवाळ गुंडाळून दोऱ्यानं बांधायचं. असा गोळा उथळ पाण्यात ठेवला की हिरवागार होतो, आणि मुळं धरली की तो तसाच उचलून माशांच्या पेटीत ठेवायचा. सेतूनं कोइमतूरहून मागवलेला गोळा वाटेत फुटला होता. सीतूनं तो हातात घेतला, दाबून पाहिला आणि म्हणाली, ‘‘उकड नीट मळली नाही ह्यांनी.’’ मोदक वळणारी बाई ती, तिला दुसरं काय दिसणार!

पहिले गोळे फसले. पाण्यात घातले आणि विरघळले, सेतूच्या माशांना चिखलाचं सार झालं. मी भिंतीवरून खूप हसले. तीही हसली. मग ती कालव्यातला गाळ आणून वाळवायची, पिठाच्या चाळणीनं चाळायची. त्यात कुजलेला पाला, थोडा नारळाचा भुसा, कोळशाची पूड. पाण्याचा हबका मारत मळायचं, भेग पडेना असा गोळा वळायची. मग लोकरीच्या सुईनं भोकं पाडून त्यात शेताच्या बांधावरची ब्राह्मी खोचायची, चार पानांची आरैकीरै खोचायची. चोळपुरमच्या विहिरीच्या भिंतीवरचं शेवाळ सेतू खरवडून आणून द्यायचा, ते ती लोणच्याच्या बरणीला दादरा बांधावा तसं घट्ट बसवून काळ्या दोऱ्यानं आवळायची. काचेच्या वाडग्यात बोटभर पाणी, वर प्लास्टिकचा कागद, दिवसातून दोनदा फवारा. काही दिवसांनी शेवाळ मातीला धरायचं आणि दोरा दिसेनासा व्हायचा.

बाई, काय सुंदर दिसायचे! मला झाडाझुडपांचं वेड नाही, पण मीसुद्धा कॉफीचा पेला घेऊन भिंतीशी उभी राहायची. सीतू मला सांगायची, ‘‘गोमतीअक्का, गंमत पाहिलीस? ही पानं हवेतली. गोळा पाण्याखाली गेला की ती सगळी गळतात आणि नवी येतात, पातळ, पाण्यातली. झाड तेच.’’ हे सांगताना तिचे डोळे असे काही चमकायचे की मी तिला चाळिशीची मानायलाच तयार नव्हते.

मामा म्हणायचे ‘मातीचे लाडू’. आल्यागेल्याला दाखवायचे. ‘‘पाहा, आमची सीतू लाडू करते. लग्नाचे राहिले, मातीचे करते.’’ पाहुणे हसायचे. सीतू कॉफी घेऊन आत उभी असायची.

सेतूनं गोळ्यांचे फोटो कोइमतूरच्या लावण्याला पाठवले. ही लावण्या मोठमोठ्या ठिकाणी काचेच्या पेट्यांत पाण्याखालची बाग लावून देते. तिचा फोन आला. तिला वळणारे हात हवे होते, आणि तिच्या कारखान्याच्या माडीवर राहायला खोली होती. ती म्हणाली, ‘‘फोटो कुणीही काढतं. मी एका लग्नाला कुंभकोणमला येतेय, तेव्हा मुळं धरलेले, जिवंत गोळे दाखवा. चांगले असले तर माझ्याबरोबरच चला.’’

माझ्याबरोबरच चला! जन्मात कुणी सीतूला असं म्हटलं नव्हतं. ती भिंतीशी आली तेव्हा तिचे हात मातीनं भरलेले, आणि ते कुठं पुसावेत हेच तिला सुचत नव्हतं. ‘‘अक्का, अप्पांना कसं सांगू?’’

‘‘तोंडानं सांग,’’ मी म्हटलं. ‘‘स्वयंपाकाला बाई मिळेल, मी आहे, आणि कोइमतूर काही लंकेत नाही.’’

तिनं सांगितलं. मामा ‘‘हं’’ म्हणाले. बस, एवढंच. मला वाटलं, चला, निवळलं. आता वाटतं, ‘हं’च्या पुढं न बोलणारा माणूस पोटात केवढं ठेवून असतो!

मग सीतूनं लावण्याला दाखवायला खास गोळे वळले. सेतू नवी काचेची वाडगी घेऊन आला तेव्हा ती मडीत, चुलीपाशी. बाहेर येता येईना. मामाच दारापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, बसले होते. त्यांनी वाडगी घेतली, सेतूशी दोन शब्द बोलले. मी माझ्या दारात कोलमची रांगोळी काढत होते, मला मामांची मान हलताना दिसली. आत जाऊन त्यांनी सीतूला वाडगी दिली आणि म्हणाले, ‘‘तो काही विशेष म्हणाला नाही.’’ सीतूनं आपलं गोळे मांडले, मागच्या अंगणात, सावलीच्या कट्ट्यावर.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, ती तुम्हांलाही ठाऊक असेल. संध्येचं ताम्हणातलं पाणी कुणाच्या पायदळी येऊ द्यायचं नाही, झाडाच्या मुळाशी घालायचं. मामा ते वर्षानुवर्षं तुळशीला घालत. तुळस दांडगी, तिला काही होत नसे. पण दुसऱ्या सकाळी मामा ताम्हण घेऊन तुळशीपाशी न थांबता पुढं गेले. कट्ट्यापाशी थांबले. प्रत्येक वाडग्यावरचा कागद बाजूला केला आणि मंत्र पुटपुटत पळीपळीनं ते पाणी गोळ्यांवर घातलं. रात्रभर तांब्यात राहिलेलं, पंचपात्रातलं उरलेलंसुद्धा त्यात ओतलं.

सीतू स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. मामा आत गेले तशी ती धावत भिंतीशी आली. डोळ्यांत पाणी. ‘‘अक्का, पाहिलंस? अप्पांनी माझ्या गोळ्यांना तीर्थ घातलं! तुळशीच्या आधी!’’

मी पाहिलं होतं. आणि खरं सांगते, मीही भिंतीपलीकडून हात जोडले. बाप आशीर्वाद देतोय, असंच कुणालाही वाटेल. आमच्यात तरी दुसरं काही कुणाच्या मनातही येणार नाही. गोविंदपुरमच्या विठ्ठलापुढं भजन करताना ज्याच्या गालांवरून आसवं ओघळतात तो माणूस ताम्हण हातात घेऊन वाईट करील, असं कुणाला सुचेल हो?

मामा रोज घालू लागले. त्यांना वाकताना गुडघे दुखतात म्हणून सीतूनं स्वतः वाडगी उंच पाटावर ठेवली, हाताशी. ताम्हण तर ती आणखीच मन लावून घासायची.

मग शेवाळाची टोकं काचेसारखी दिसायला लागली. नंतर तपकिरी. ब्राह्मीची कोवळी पानं आक्रसली. सीतू घाबरली. तिला वाटलं ऊन लागतंय, वाडगी आत सरकवली. वाटलं पाणी जास्त झालं, मग वाटलं कमी पडतंय. सेतूला फोन करायची, तो म्हणायचा, ‘‘अक्का, सगळं सांगितलंय तसंच करताय ना?’’ ही म्हणायची, ‘‘सगळं तसंच.’’ तिला ठाऊक असलेलं सगळं ती तसंच करत होती. शेवटी ती पदर पसरून बापापुढं उभी राहिली. हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ‘‘अप्पा, गोळे सुकताहेत. तुम्ही जरा जास्त घाला ना तीर्थ. तुमच्या हातानंच काही झालं तर होईल.’’

मामांनी तिच्याकडं पाहिलं. म्हणाले, ‘‘घालतो गे बाळ.’’

बाळ म्हणाले! आणि घातलं, जास्त.

लावण्या आली त्या दिवशी सीतूनं ठेवणीतलं निळं रेशमी लुगडं नेसलं होतं. माडीवरून खाली कपड्यांची पेटी आणून ठेवली होती, उगाच, कुणी बोलावलं तर तयारी असावी म्हणून. गोळे काळे पडले होते. पण ती म्हणत होती, मुळं आत जिवंत असतील, जाणती बाई आहे, ओळखेल. मी मदतीला गेले होते. सेतू पुढं, मागं लावण्या. तरुणच होती, केस कापलेले, बोलायला गोड. मामा झोपाळ्यावर बसलेले.

लावण्यानं एक गोळा उचलला. शेवाळाची साल तिच्या हातात निघून आली, भिजलेल्या कागदासारखी. आत मुळं काळी. तिनं वास घेतला, दुसरा पाहिला, तिसरा पाहिलाच नाही.

सेतू म्हणाला, ‘‘असं कसं झालं? अक्का, तांबं लागलं का याला?’’

‘‘तांबं?’’ सीतू म्हणाली.

‘‘तांब्याच्या भांड्यातलं पाणी. माणसाला चांगलं म्हणतात, पण शेवाळाला विष ते. थोडंथोडं रोज गेलं तरी संपलं. अहो, म्हणून तर मी वाडगी द्यायला आलो तेव्हा या तुमच्या अय्यांना मुद्दाम सांगून गेलो, तांब्याच्या जवळपासही नेऊ नका म्हणून! घरात पूजेची भांडी असणार, चुकून कुणी ओतेल म्हणून!’’

झोपाळा करकरत होता. तो थांबलाही नाही. मी म्हटलं, ‘‘मामा, हा खरं बोलतोय?’’

‘‘खरं बोलतोय,’’ मामा म्हणाले. ‘‘सांगितलं होतं त्यानं.’’

‘‘मग तुम्ही...’’

‘‘मी खोटं बोललो का? मला कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि तीर्थानं जे मरतं ते घरात ठेवायच्या लायकीचं नव्हतं.’’ मग लावण्याकडं वळून स्वच्छ तमिळमध्ये, हसून, ‘‘बसा ना. कॉफी घ्याल? आमची सीतू कॉफी उत्तम करते.’’

केसानं गळा कापणं ऐकलं होतं, त्या दिवशी पाहिलं. मला वाटलं, झोपाळ्याची कडी काढून या म्हाताऱ्याच्या डोक्यात घालावी. सेतूनं मान खाली घातली. लावण्याचा चेहरा पडला, पण तीही धंद्याचीच बाई. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाली, ‘‘मला वाईट वाटतंय हो. पण मला लगेच माणूस हवाय, आणि दुसरी एक मुलगी तयार आहे. आणि खरं सांगू? ज्या घरातून यांना एक वाडगं जपून आणता आलं नाही, तिथून या स्वतः कशा निघतील?’’ आणि ती गेली.

आत सीतू उभीच होती. रडली नाही. बापाला फक्त इतकंच विचारलं, ‘‘मी म्हटलं, जास्त घाला. तेव्हाही?’’

‘‘तू म्हणालीस म्हणून घातलं,’’ मामा म्हणाले. आणि वर, ‘‘म्हातारा बाप टाकून परगावी जायचं, आणि तिथं काय करायचं, तर मातीचे लाडू वळायचे! वळ की. कोण नको म्हणतो? इथं वळ.’’

ती पेटी उचलून माडीवर घेऊन गेली. खाली आली ती मडीचं लुगडं नेसून, आणि तिनं भात टाकला.

मी खूप डोकं आपटलं. म्हटलं, ‘‘सीतू, माझ्या अंगणात वळ. माझ्या घरात तांब्याचा डबासुद्धा नाही, सगळं स्टील. लावण्या नाही तर दुसरी कुणी मिळेल, सेतू शोधील. अगं, दार एकदा बंद झालं म्हणून कुणी घर जाळून घेतं का?’’

तिनं ऐकून घेतलं आणि आपल्याच अंगणात पुन्हा माती चाळायला बसली. काही दिवसांनी पाहते तर कट्ट्यावर गोळा. एकच, पण असा की पाहत राहावं. कागद नाही, आडोसा नाही. त्याच उंच पाटावर, बापाच्या हाताशी. मामा सकाळी आले, मंत्र म्हटला, तीर्थ घातलं. सीतू समोर बसून पाहत होती. तो काळा पडला. तिनं दुसरा केला. तोही गेला. तिनं तिसरा केला.

माझं डोकं फिरलं. ‘‘तुला वेड लागलंय का गे? मारायसाठी वाढवतेस?’’

‘‘नाही अक्का.’’ ती सुईनं भोकं पाडत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मला पाहायचंय.’’

‘‘काय पाहायचंय?’’

‘‘आता त्यांना ठाऊक आहे की मला ठाऊक आहे. एक दिवस तरी त्यांचा हात अडतो का, तेवढं पाहायचंय. एकदा जरी अडला ना, तर मी समजेन की मला बाप होता. मग मी इथं राहीन, नाहीतर जाईन, काहीही करीन. पण तेवढं मला कळायला हवं.’’

मी घरात येऊन पदरात तोंड खुपसून रडले.

परवाचीच गोष्ट. मी कढीपत्ता द्यायला गेले होते. पाटावरचा गोळा आजवरच्या सगळ्यांत सुरेख झाला होता. दोरा कुठं दिसत नव्हता, शेवाळ मखमलीसारखं, आणि ब्राह्मीला चक्क फूल आलं होतं, नखाएवढं, फिकट जांभळट. मामा ताम्हण घेऊन आले. ते थांबले. वाकून फुलाकडं पाहिलं. आणि म्हणाले, ‘‘सुंदर झालंय गे.’’

जन्मात पहिल्यांदा! माझ्या हातातला कढीपत्ता तसाच राहिला. सीतू पायरीवर बसली होती, ती हळूच उठून उभी राहिली. तिचे ओठ उघडले होते. मी मनात म्हटलं, विठ्ठला, आता. आता ह्याला ताम्हण खाली ठेवू दे.

मामांनी मंत्र म्हटला. पळीपळीनं नव्हे, ताम्हणच तिरपं करून ते पाणी फुलावरून, सावकाश, सगळं ओतलं. शेवटचा थेंब पडावा म्हणून ताम्हण उलटं धरून दोनदा झटकलं. मग मुलीकडं वळून, अगदी मायेनं विचारलं, ‘‘दुसरा केव्हा करतेस?’’

सीतू त्यांच्याकडं पाहत राहिली. मग म्हणाली, ‘‘उद्या, अप्पा.’’ तिनं त्यांच्या हातातून ताम्हण घेतलं, कोनाड्यातली चिंच घेतली, आणि विहिरीपाशी घासायला बसली.